दहा सालांची ज्वारी

माणसानं बरोबर असावं, पण इतकं आधी बरोबर असू नये. मन्मथअप्पांचं नाव निघालं की मोंढ्यातले जुने लोक म्हणतात, काय हुशार माणूस होता. हुशार होते, मी कधी नाही म्हटलं? पण त्या हुशारीनं त्यांचं एका पैशाचं भलं झालं नाही, आणि शेजारी म्हणून माझं डोकं फिरायची वेळ आली ती वेगळीच. इतकी वर्षं झाली, अजून आठवण निघाली की मला आधी राग येतो आणि मग बाकीचं.

निजामाचं राज्य होतं आणि दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालली होती, तेव्हाची गोष्ट. सेलूच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अप्पांचं भुसाराचं दुकान, त्याला लागून माझं कापडाचं, मधली भिंत एकच. त्यामुळं पलीकडं अप्पा काय बोलतात ते मला ऐकावंच लागायचं. ठेंगणा बांधा, जाड भुवया, गळ्यात लिंग. पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा घोट नाही आणि कपाळावरची इभूत वाळल्याशिवाय भावाची गोष्ट नाही. गिऱ्हाईक दारात ताटकळलं तरी चालेल. बायको लवकर गेली, मूल नाही. बोलताना अडकित्त्यानं सुपारी कातरत राहायचे आणि आपल्या मुद्द्यावर आले की कातरणं थांबायचं. अडकित्ता थांबला की मी समजायचो, आता अर्धा तास गेला.

त्यांचा मुद्दा एकच. कुठल्याही गोष्टीची किंमत त्यांना रुपयांत कळतच नसे. बैल घ्या, लग्न घ्या, कोर्टातला दंड घ्या, ते म्हणायचे, "ज्वारीत सांग." माझ्याकडं धोतरजोडी घ्यायला यायचे आणि मी भाव सांगितला की मनातल्या मनात त्याची पोती-पायल्या करायचे.

"धोतर म्हाग झालं न्हाई दामू, रुपया पातळ झालाय," म्हणायचे. "लढाईच्या आधी एका जोडीला जेवढी ज्वारी पडायची, तेवढीच आज पडायलीय."

"मग द्या की मुकाट्यानं," मी म्हणायचो.

"देतो ना," असं म्हणून बसायचे आणि चार आणे कमी करून घेतल्याशिवाय उठायचे नाहीत. इतरांना एक हिसाब, स्वतःला दुसरा.

आता जिनिंग कंपनीचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गावातल्या बड्या लोकांनी मिळून कापसाची सरकी काढायचा आणि गठाणी दाबायचा कारखाना काढला होता. त्याचे हिस्से सेलूत, वालूरला, पेडगावला, पार गंगाखेडपर्यंत लोकांनी घेतलेले. सालाच्या शेवटी नफा वाटायचे. हिस्सा विकायचा-घ्यायचा तर मोंढ्यातच तोंडी भाव चालायचा. आणि तो भाव लोक कसा ठरवायचे? यंदा नफा किती वाटला ते बघायचं, संपलं. कापूस बरा पिकला की हिस्सा चढला, बोंडअळी आली की उतरला.

अप्पांना याची चीड होती. "एका सालावरून काय कळतंय?" म्हणायचे. "बाईनं एक दिवस पुरण केलं म्हणून ते घर रोज पुरण खातं का?" त्यांची स्वतःची रीत वेगळी. बारदान्यावर ज्वारीच्या दहा ढिगल्या मांडायचे, एका सालाची एक. त्या साली एका हिश्शाला जो नफा मिळाला, त्यात त्याच सालच्या बाजारभावानं किती ज्वारी आली असती, तेवढी ती ढिगली, पोत्याला एक मूठ या मापानं. चांगलं साल मोठं, अळीचं साल चिमूटभर. मग दहाच्या दहा एकत्र करायचे, तळहाताच्या कडेनं त्या राशीचे पुन्हा सारखे दहा भाग पाडायचे आणि त्यातल्या एका भागावर बोट ठेवून म्हणायचे, "हे एका हिश्शाचं खरं कमावणं. आता बोला, याच्यासाठी किती द्यायचे."

मला पहिल्यांदा वाटलं, उगाच पोरखेळ आहे. पण बघता बघता त्यातली मेख कळली. मंदीच्या सालांत नफा रुपयांत अगदीच मामुली होता, लोक ती सालं आठवून अजून कपाळाला हात लावायचे. पण तेव्हा ज्वारीही मातीमोल होती, म्हणून अप्पांच्या बारदान्यावर मंदीची ढिगली दिसायला चांगली टचटचीत. आणि लढाई सुरू झाल्यावरची सालं, जी रुपयांत डोंगराएवढी, ती ज्वारीत मोजली की बसकी.

एकदा असंच मांडामांड करून अप्पा पाणी प्यायला आत गेले आणि कुणाची तरी शेळी ओट्यावर चढली. तिनं नेमकं मंदीचं एक साल खाल्लं. अप्पा बाहेर येऊन बघतात तर नऊच ढिगल्या. दुसरा कुणी असता तर हसला असता. हा माणूस तिला हाकलायचं सोडून मला विचारतो, "दामू, पहिलं साल खाल्लं का दुसरं?" मी म्हटलं, "अप्पा, शेळीला विचारा." दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

लढाई तापली तसा कंपनीचा नफा चढत गेला. एका वर्षीच्या जलशात, म्हणजे हिस्सेदारांच्या सालाना बैठकीत, मॅनेजर साहेबांनी नफ्याचा आकडा वाचला आणि मंडपात टाळ्याच टाळ्या. आजवर इतका नफा कधी झाला नव्हता. अत्तर लावलं, पेढे फिरले. लोक पेढा तोंडात टाकतायत आणि अप्पा उभे राहिले. मी त्यांच्या धोतराचा सोगा ओढला, उपयोग झाला नाही.

"साहेब, लढाईच्या आधी एका हिश्शाच्या नफ्यात दोन पोती ज्वारी यायची," अप्पा म्हणाले. "यंदाच्या नफ्यात दीड येते. मग नफा वाढला का घटला, एवढंच सांगा."

खरं तर तिथंच कुणीतरी विचार करायला पाहिजे होता. निम्मे लोक भुसारातले, ज्वारीचा भाव त्यांना बायकोच्या नावाआधी पाठ. पण मॅनेजर साहेब हसले आणि म्हणाले, "अप्पा, आपली कंपनी कापूस दाबते, ज्वारी न्हाई." मग जो हशा उठला तो थांबेना. अप्पा तसेच उभे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना काहीच वाटलं नाही, हातातला पेढा खाल्ला आणि येताना रस्त्यानं मला म्हणाले, "दामू, उत्तर दिलं न्हाई त्यानं."

"अप्पा, उत्तर कुणाला पाहिजे होतं? सगळ्यांना पेढा पाहिजे होता."

इथवर ठीक होतं. विक्षिप्त माणूस म्हणून सोडून दिलं असतं. पण यात सुभद्रा वैनी आल्या.

सुभद्रा वैनी म्हणजे अप्पांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ अकाली गेला, मागं एक लेकरू आणि जिनिंगचे बरेचसे हिस्से ठेवून गेला. मरताना अप्पांचा हात धरून म्हणाला होता, यांचं तू बघ. अप्पांनी ते शब्द असे धरले की दुसरं आयुष्यच ठेवलं नाही. दोन्ही वेळचं जेवण वैनीकडं. वैनी हाताला गोड, तोंडाला तिखट. अप्पा ताटावर बसले की लेकराला पाढे विचारायचे, वैनी भाकरी वाढता वाढता सगळ्या आळीचा समाचार घ्यायच्या. त्या घरात अप्पा हसतात हे मी डोळ्यानं पाहिलंय, दुकानात कधी पाहिलं नाही.

हिश्शाचा भाव चढत चढत एका हिश्शाला तीस पोती ज्वारी पडेल इथवर आला. अप्पांच्या दहा सालांच्या हिसाबानं एका हिश्शाची कमाई, अळीची सालं धरून, सालाला पोतंभर. "तीस साल थांबायचं आपलेच पैशे परत यायला?" म्हणाले. "बारा-पंधरा पोत्यांच्या वर ह्याची किंमतच न्हाई." आणि वैनीला न विचारता, न सांगता, सगळे हिस्से विकून मोकळे झाले. कारभार त्यांच्याकडं होता, अडवणार कोण? त्या पैशातून वालूरला काळ्या रानाचा तुकडा वैनीच्या लेकराच्या नावानं घेतला. रान ज्वारी देतं आणि ज्वारी खोटं बोलत नाही, हे त्यांचं म्हणणं.

हिस्सा थांबला का तीसवर? छे. पस्तीस झाला, चाळीस झाला. ज्यानं वैनीचे हिस्से घेतले तो मोंढ्यात मिशीला पीळ देत फिरायला लागला. रोज कुणीतरी अप्पांच्या ओट्यापाशी थांबून भाव सांगून जायचं, मुद्दाम. आणि वालूरच्या रानात पहिलं पीक चांगलं आलं तर सरकारची लेव्ही आली. खळ्यावरूनच ज्वारी उचलली आणि सरकारी भावानं पैसे दिले. बाजारात ज्वारीला काय भाव होता आणि सरकारनं काय दिला, हे बोलण्यात अर्थ नाही. अप्पांची सारी मोजणी बाजारभावावर, आणि वैनीच्या पदरात पडला सरकारी भाव. त्या दिवशी दिवसभर मी पलीकडून अडकित्त्याचा आवाज ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी वैनी दुकानावर आल्या. भर बाजाराचा दिवस. डोक्यावरचा पदर सारखा करून ओट्याखाली उभ्या राहिल्या आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "भावजी, हिस्सा उतरणार म्हणून इकला म्हणं. कधी उतरणार?"

अप्पा म्हणाले, "ते मला ठाऊक न्हाई, वैनी. उतरणार एवढं ठाऊक हाय."

"कधी ते ठाऊक न्हाई, तर इकला कामून?"

आता इथं माणसानं काहीतरी बोलावं की नाही? चुकलं म्हणावं, पुढच्या साली म्हणावं, देवाच्या मनात असेल तेव्हा म्हणावं. खोटं बोलायला काय जातंय? पण नाही. अप्पा म्हणाले, "ढिगल्यांवरून किती ते कळतं. कधी ते कळत न्हाई." बघणारे हसले. वैनी हसल्या नाहीत. "माझ्या लेकराच्या तोंडचं तुमी ढिगल्यांवर घातलं," म्हणाल्या. "आजपासून तुमचा हिसाब तुमच्यापाशी. माझ्या उंबऱ्याला येऊ नका."

अप्पा त्या दिवसापासून हातानं भाकरी थापायला लागले. करपल्याचा वास भिंतीवरून माझ्याकडं यायचा. माझी बायको ताट पाठवायची, ते परत पाठवायचे. मी हजारदा म्हटलं, "अप्पा, जाऊन पाय धरा, चुकलं म्हणा." ते म्हणायचे, "चुकलं असतं तर म्हणलो असतो." अशा माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

आणि वैनीनं काय केलं? पाटल्या मोडल्या आणि तेच हिस्से, जेवढे मिळाले तेवढे, चाळिसाच्या भावानं परत घेतले. मला कळलं तेव्हा मी अप्पांना सांगितलं नाही, पण मोंढ्यात कुठली गोष्ट राहते? त्यांनी ऐकलं आणि खाली बसले. "अरे, विकताना मी एकटा वेडा ठरलो व्हतो," म्हणाले. "आता ती बुडणार." मी चिडून म्हटलं, "मग आता तरी सांगा, कधी?" ते अडकित्ता उचलून सुपारी कातरायला लागले. पुढं दोन-तीन सालं हिस्सा उतरला नाहीच. कंपनी नफा वाटत राहिली, वैनी सणाला माझ्या घरी पुरणपोळ्या पाठवत राहिल्या, आणि भिंतीपलीकडं हा माणूस पिठलं ढवळत राहिला.

मग लढाई संपली आणि आमच्याकडचे दिवस फिरले. रझाकारांची धामधूम सुरू झाली. सरहद्दीवर नाकेबंदी, गठाणी मुंबईला जाईनात. जिनिंगचा भोंगा वाजायचा बंद झाला. गावातली माणसं एकेक करून वऱ्हाडाकडं निघाली. वैनीचं माहेर वाशिमकडं, त्यांनीही जायचं ठरवलं. जायचं तर हातात रोकड पाहिजे, आणि होतं नव्हतं ते जिनिंगमध्ये; वालूरचं रान त्या धामधुमीत घेणार कोण? हिश्शाचा भाव विचाराल तर लोक अजून चाळीसच सांगायचे, पण घेणारा एक माईचा लाल नव्हता.

वैनीनं मला बोलावलं. "दामूअण्णा, तुमी इकून द्या," म्हणाल्या. "पण एक सांगते. भावजींना कळू देऊ नका. मला त्यांच्या ढिगल्या बघायच्या न्हाईत."

मी चार दिवस सगळा मोंढा पालथा घातला. चाळीस राहू द्या, पाच पोत्यांनाही कुणी घेईना. पाचव्या दिवशी अप्पा भिंतीला वळसा घालून माझ्या दुकानात आले, आपण होऊन, वैनीनं उंबरा बंद केल्यापासून पहिल्यांदाच. "वैनीचे हिस्से तू फिरवायलास," म्हणाले. "मी घेतो. चाळिसानं. माझं नाव सांगू नको."

मला वाटलं माणसाचं डोकं गेलं. मी त्यांना हाताला धरून त्यांच्याच ओट्यावर नेलं आणि ज्वारीत हात घालून ओंजळ बारदान्यावर ओतली. म्हटलं, "अप्पा, मांडा. दहा सालं मांडा आधी, मग घ्या. आजवर आम्हाला शिकवलं ना?"

अप्पांनी ज्वारीकडं बघितलंसुद्धा नाही. "मला ठाऊक हाय त्याची किंमत," म्हणाले. "काही न्हाई त्याची किंमत."

"मग?"

"रस्त्याला लागायचीय ती. लेकरू हाय तिच्यासंगं."

दुकानातला सगळा माल त्यांनी पडेल भावानं काढला, बैलजोडी काढली. वैनीचा कागदावर अंगठा मी घेतला, घेणाऱ्याची जागा कोरी ठेवली. कुणी घेतले म्हणून विचारलं तेव्हा सांगितलं, गंगाखेडचा एक व्यापारी आहे. वैनीनं पैसे मोजून कमरेला बांधले आणि म्हणाल्या, "बघा दामूअण्णा. गंगाखेडच्या परक्या माणसाला किंमत कळली. आमच्या भावजींना जन्मात कळली न्हाई." मी दात खाऊन गप्प बसलो, कारण अप्पांनी गळ्यातल्या लिंगाची शपथ घातली होती.

पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, माणसं परतली. वैनीही परतल्या, लेकरासकट, सुखरूप, गाठीला पैसा बाळगून. जिनिंग मात्र उठली नाही. एक दिवस हिस्सेदारांना फाटकापाशी बोलावून सांगितलं की देणी फेडून वाटायला काही उरत नाही. लोक शिव्या देत घरी गेले. अप्पा रिकाम्या दुकानात येऊन बसले.

दोन दिवसांनी वैनी ओट्यापाशी आल्या. मी माझ्या गादीवरून बघत होतो. आता तरी यांना कोडं उलगडलं असेल, असं मला वाटलं.

"भावजी, फाटकापाशी तुमी बी व्हता म्हणं," वैनी म्हणाल्या. "तुमच्याकडं बी हिस्से व्हते?"

"व्हते थोडे," अप्पा म्हणाले.

"कधी घेतले?"

"मागं."

वैनीचा आवाज उतरला, लहान पोराशी बोलावं तसा झाला. "मला इचारायचं व्हतं की, भावजी. मी बघा कसे येळेवर इकले. तुमी नुस्तं मोजत बसला."

मी ताडकन उठलो. अप्पांनी माझ्याकडं एकदाच असं बघितलं की मी पुन्हा बसलो. "व्हय, वैनी," ते म्हणाले. "मला जमलं न्हाई."

"ऱ्हाऊ द्या आता ते. किती वाळलाव. सोमवार सोडायला या घरी," म्हणून वैनी गेल्या.

मी तेव्हा दुकान उचलून परभणीला चाललो होतो, गाडीत गठ्ठे भरणं चालू होतं. अप्पांना शेवटचं बघितलं ते त्या सोमवारी दिवेलागणीला. दिवसभराचा उपास, धुतलेलं धोतर, ओली इभूत, ती वाळायचीसुद्धा वाट न बघता माझ्या दारावरून झपाझप निघाले होते. मला राहवलं नाही. मी ओरडून म्हटलं, "अप्पा, आज तरी सांगून टाका की तिला. किती दिवस वेड्यात निघणार?"

ते थांबले नाहीत. मागं न बघता म्हणाले, "भाकरी गार हुईल, दामू," आणि वैनीच्या दारात वाकून आत गेले.